छत्तीसच्या रोलात साठ फोटो

माझ्या मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा एक हात आहे.

बाकीचा मी त्यात कुठेच नाही. फक्त उजवा हात, कोपरापर्यंत, आणि त्या हातात वरणाची पळी. त्या लग्नात मांडववाल्याशी मी भांडलो, आचाऱ्याला धाकात मी ठेवलं, बँडवाला अर्ध्यातून निघाला होता त्याला दंडाला धरून परत मी आणलं. आणि अल्बमभर कोण? तर जनार्दन! (जनार्दन म्हणजे माझा मेव्हणा. राहणार वैशाखरे.) जनार्दन घोड्याजवळ, जनार्दन व्याह्यांजवळ, जनार्दन आइस्क्रीमजवळ. एका फोटोत तर तो नुसताच जनरेटरकडे बघत उभा आहे. म्हणजे जनरेटरलासुद्धा अख्खा फोटो मिळाला. मी आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे सुमनला, माझा हात दाखवला तर ती म्हणाली, "घड्याळ किती छान आलंय हो."

हे मी मुकाट्याने गिळलं. म्हणजे दर रविवारी जेवताना बोलून दाखवत होतो, पण बाकी मुकाट्याने.

मग आमच्या प्राचीचं लग्न ठरलं आणि मी जाहीर केलं की लग्नाला कोणता फोटोग्राफर आणायचा तो आणा, हळदीचे फोटो मी काढणार. घरात कोणी विरोध केला नाही, कारण सगळ्यांना वाटलं मी मोबाइलवर काढणार. पण मोबाइलवर काढलेल्या फोटोला मान नसतो. गळ्यात कॅमेरा असला की माणसं सरळ उभी राहतात, पोट आत घेतात आणि काढणाऱ्याकडे आदराने बघतात. मला तो आदर हवा होता, आणि स्वस्तात हवा होता.

माझं शहापूरला नळ-पाइपांचं दुकान आहे. सायकलला पाइप बांधून डोळखांबच्या पाड्यापाड्यांवर नेऊन विकण्यापासून मी सुरुवात केली, त्यामुळे छापील किंमत ही गोष्ट मी बोलणी सुरू करण्यापुरतीच मानतो. नव्या कॅमेऱ्यांचे भाव ऐकून मी दुकानातून उठून आलो होतो. आणि नेमका मुरबाडला एका जुन्या फोटो स्टुडिओत मला हवा तो सापडला. स्टुडिओ कसला, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. पण वरच्या फळीवर एक जुना, काळा, लोखंडी वजनाचा कॅमेरा बसला होता. बॅटरी नाही, पडदा नाही, सगळं हाताने फिरवायचं. मला एकदम आपला वाटला.

दुकानदार म्हातारा होता आणि त्याचा त्या कॅमेऱ्यावर जीव होता. असा विक्रेता सापडणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. मी कॅमेरा हातात घेऊन नुसता सुस्कारा सोडला आणि खाली ठेवला. मग पट्टा फाटलाय म्हणालो. मग मान हलवत दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा दारातून परत आलो तेव्हा तो म्हणाला, "शेठ, बसा. तुमचा पण दम गेला, माझा पण." शेवटी त्याने निम्म्यात दिला. वर एक लांबची लेन्स आणि एक ब्लॅक अँड व्हाइट रोल मी फुकट काढून घेतला. (हळदीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये! हे माझ्या लक्षात घरी आल्यावर आलं. पण फुकट ते फुकट.)

निघताना तो म्हणाला, "रोल कसा भरायचा तेवढं बघून जा. यात चुकतात लोक."

आता हे वाक्य मी स्वतः रोज वापरतो. गिऱ्हाईक नळ घेऊन निघालं की मी म्हणतो, कसा बसवायचा तेवढं बघून जा. आणि बघता बघता त्याला एक टेफ्लॉन टेप, दोन वॉशर आणि एक पाना विकतो. मी म्हणालो, "काका, मीही दुकानदार आहे," आणि डोळा मारून बाहेर पडलो. तो मागून ओरडून काहीतरी सांगत होता. त्यातलं एवढंच ऐकू आलं की रोलला उजेड दाखवू नका.

रोल मी घरी स्वतःच भरला. मागचं झाकण उघडलं, डबी खाचेत ठेवली, तिची जीभ, म्हणजे बाहेर डोकावणारं पट्टीचं टोक, पलीकडच्या चक्रीजवळ नेऊन टेकवली, झाकण लावलं. यात कोण चुकणार?

हळदीला माझा थाट काय वर्णावा. मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बायकांनी माझ्या कॅमेऱ्यासाठी एक धवला पुन्हा पहिल्यापासून म्हटला. व्याही मंडळींकडून आलेल्या एका गृहस्थांनी मला "आपण पूर्वी या लायनीत होतात का?" असं विचारलं. मी नम्रपणे हसलो. आणि एवढ्यात बँड वाजवत मामाचा आहेर आला. पुढे जनार्दन, नवा कोरा फेटा, डोक्यावर भाचीच्या शालूचं ताट, मागे सगळं वैशाखरे. आमच्याकडे हळदीत मामाचा आहेर म्हणजे सोहळ्याचा कळस. जनार्दन माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "दाजी, आमचा बी येक चांगला काढा."

मी म्हणालो, "एक का? हवे तेवढे."

आणि लांबची लेन्स लावली.

लांबच्या लेन्सचा गुण असा की समोरचा माणूस तिच्यात मावत नाही. त्याचा एकच भाग मावतो, आणि कुठला ते आपल्या हातात असतं. मी जनार्दनची ढोपरं काढली. पाठ काढली. ताट काढलं, खाली फेटा नाही. प्राचीला हळद लावताना त्याचं बोट काढलं. देवापुढे हात जोडून उभा राहिला तेव्हा देव काढला. तो प्रत्येक वेळी मान ताठ करून, श्वास रोखून उभा राहत होता आणि मी प्रत्येक वेळी "वा!" म्हणत होतो. लोक याला सूड म्हणतील. मी परतफेड म्हणतो.

आणखी एक आनंदाची गोष्ट घडत होती. रोल छत्तीस फोटोंचा होता, पण छत्तीस झाले तरी रोल पुढे सरकवायचा खटका ओढला की ओढला जात होता आणि बटण दाबलं की दाबलं जात होतं. चाळीस झाले, पन्नास झाले. मी सगळ्यांना सांगत सुटलो की जुन्या मालाची बातच वेगळी, छत्तीसच्या पैशात साठ देतो. (आणि रोल तर फुकटचा!) साठला मीच थांबलो, बोट दुखायला लागलं म्हणून.

आणि इथे जनार्दनने डीजेवाल्याचा माइक हातात घेतला.

"मंडळी," तो म्हणाला, "माझ्या दाजींनी आज सोता उभं राहून फोटो काढलेत. माझे तर इतके काढले, इतके माझ्या पोराच्या लग्नात बी नाय निघाले. पाचपरतावणाला व्याही मंडळी येतील तेव्हा आमी हे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवणार. पडदा मामाकडून."

टाळ्या पडल्या. सुमनने डोळ्याला पदर लावला. मी कॅमेरा गळ्यातून काढला.

जनार्दन हा सुमनचा एकुलता एक भाऊ. मनाने सोन्यासारखा, पण रुसण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. एकदा पानात लाडू वाढायचा राहिला म्हणून तो दोन दिवाळ्या आमचा उंबरा चढला नव्हता, आणि त्या दोन्ही भाऊबीजांना सुमन ओवाळणीचं ताट पुढे घेऊन संध्याकाळभर दारात बसली होती. आता नव्या व्याह्यांच्या देखत, मोठ्या पडद्यावर, त्याची ढोपरं दिसणार होती. मग तो आमच्या घरी कधी पाऊल ठेवणार? आणि सुमन मला कधी घरात ठेवणार?

लग्न झालं. प्राचीच्या पाठवणीला मी सगळ्यांत आधी रडलो. लोकांना वाटलं बापाचं काळीज.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. आधी म्हणालो, कॅमेऱ्यातून काढलेला रोल सापडत नाही. सुमनने तो माझ्याच सदऱ्याच्या खिशातून काढून दिला. मग म्हणालो, असे रोल धुणारा आता कोणी उरला नाही. जनार्दनने मोबाइलवर शोधून कल्याणचा एक तरुण काढला, जो घरीच रोल धुतो. शेवटी मला म्हाताऱ्याचे शब्द आठवले, उजेड दाखवू नका. मी डबी उचलली आणि गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांच्या मधोमध ठेवून दिली. दुपारभर रणरणतं ऊन लागू दिलं. (डबी बंद असते आणि आत उजेड जातच नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) संध्याकाळी सुमन कुरडयांबरोबर रोलही गोळा करून खाली आली.

"हा काय वाळवायचा असतो?"

"दमट झाला होता," मी म्हणालो.

तिने तो पुसला, रुमालात बांधला आणि सरळ भावाच्या हातात दिला. जनार्दनने गाडी आणलीच होती. म्हणाला, "चला दाजी. तुमी नसलात तर मजा नाय."

कल्याणपर्यंत तो गाणी म्हणत होता. मी खिडकीतून बाहेर बघत, वेगळं राहायची वेळ आली तर दुकानाच्या माळ्यावर खाट मावेल का याचा विचार करत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात तरुणाने रोल घेतला, आम्हाला बाहेर बसवलं आणि मोरीचं दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. जनार्दन फेट्यातला आपला फोटो दिवाणखान्यात कुठे लावायचा ते मला विचारत होता. मी म्हणत होतो, घाई कशाला, आधी येऊ तर देत.

दार उघडलं. तरुणाच्या हातात ओली लांब पट्टी लोंबत होती. मी डोळे मिटले.

"काका," तो म्हणाला, "यावर काहीच नाही."

मी एक डोळा उघडला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी स्वच्छ होती. पलीकडे जनार्दनचा चेहरा दिसत होता. अख्खा.

तरुणाने समजावून सांगितलं की रोलची जीभ चक्रीत अडकलीच नव्हती. पट्टी पहिल्यापासून डबीतच राहिली आणि कॅमेरा नुसताच खटखट करत होता. त्याने विचारलं, किती काढले होते? जनार्दनने अभिमानाने सांगितलं, साठ.

"छत्तीसच्या रोलात साठ?" तो म्हणाला. "मग तेव्हाच कळायला हवं होतं ना."

मी मटकन खाली बसलो आणि तोंड हातात लपवलं, कारण हसू आवरत नव्हतं. खांदे गदगदत होते. जनार्दन घाबरला. त्याने पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला. म्हणाला, "दाजी, मनाला नका लावून घेऊ. आमच्या हिने मोबाइलवर सगळं घेतलंय, आहेर बी घेतलाय. तेच लावू पडद्यावर." इतका गोड माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. त्या क्षणी त्याने अल्बममधला माझा उरलेला हातही कापून टाकला असता तरी मी काही म्हणालो नसतो.

मी डोळे पुसले, त्या तरुणाने सांगितले तेवढे पैसे काढून दिले, वर त्याला चहा पी म्हणालो आणि हलक्या पायांनी जिना उतरू लागलो.

दुसऱ्या मजल्यावर जनार्दन थांबला.

"दाजी."

"काय?"

"तुमी भाव नाय केलात."

मी म्हणालो, कसला भाव, पोराने मेहनत केली. तो माझ्याकडे बघतच राहिला. तीस वर्षांत मी जनार्दनसमोर एकाही माणसाला सांगितले तेवढे पैसे दिले नव्हते. त्याच्याच मुलाच्या लग्नात मी भटजींशी दक्षिणेवरून घासाघीस केली होती.

"कोऱ्या पट्टीचे पुरे पैसे दिलेत," तो सावकाश म्हणाला, "आणि वर चहा. दाजी, काय होतं त्या रोलात?"

मी उलटा फिरलो, दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो, बेल दाबली ती दाबूनच धरली, आणि दार उघडताच त्या निरपराध तरुणावर तुटून पडलो. फोटो नाहीत तर पैसे कसले, पाण्याचे? गिऱ्हाईक काय आंधळं आहे? चहाचे आधी परत कर! मी इतका मनापासून भांडलो की शेजारच्या दोन्ही घरांची दारं उघडली.

आणि मधेच दम घ्यायला थांबलो तेव्हा खालच्या जिन्यावरून जनार्दनचा आवाज ऐकू आला. तो सुमनला फोनवर सांगत होता, "नाय गो ताई, काय झालेलं नाय त्यांना. भाव नाय केला म्हणून मी उगाच घाबरलो. वर भांडतायत. थांब, तुला ऐकवतो."