हाराआडची नंबरप्लेट

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडूभाऊ, हे बोरिवलीतले सर्वांत कायदेशीर गृहस्थ आहेत आणि बोरिवलीतला सर्वांत उघडा गुन्हाही त्यांच्याच नावावर आहे. हे मी रागाने लिहितो आहे, आणि मला राग यायला भरपूर कारणं आहेत. रस्ता दोन्ही बाजूंनी ओस पडलेला असला तरी हा माणूस सिग्नल मिळेपर्यंत फुटपाथवरून पाय खाली टाकत नाही. लिफ्टमध्ये ‘फक्त चार व्यक्ती’ असं लिहिलेलं आहे म्हणून पाचवा कोणी आत शिरला की हे स्वतः बाहेर पडतात, जिन्याने वर जातात आणि वरच्या मजल्यावर त्या पाचव्या माणसाला गाठून धापा टाकत समज देतात. बागेत फुलं तोडू नका अशी पाटी आहे, तर हे खाली पडलेलं फूलसुद्धा उचलत नाहीत. असा हा माणूस निवृत्त झाल्यावर एक लालभडक, दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून चालणारी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन आला, आणि दुसऱ्याच दिवशी तिची पुढची नंबरप्लेट काढून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून त्याने माळ्यावर टाकून दिली.

का, तर म्हणे गाडीचा चेहरा बिघडतो. साडूभाऊंनी सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून काढली. बोर्डवर ओणवं होऊन यंत्रांच्या सुट्या भागांच्या रेषा ओढायच्या, त्यामुळे रेषेच्या बाबतीत ते कोणाचंच ऐकत नाहीत. “ही बघ, बॉनेटवरून कशी उतरत येते,” असं म्हणून हवेत बोट फिरवून ते मला ती रेषा दाखवायचे. “आणि तिच्या टोकावर तू पाटी ठोकणार? नवरीच्या कपाळावर रेशनकार्डाचा नंबर लिहितोस का?” मी म्हटलं, अहो, मागे आहे ना नंबर, तिथे नाही का बिघडत रेषा? “मागून कोण बघतो रे,” हे उत्तर. पोलीस पकडतील म्हटलं, तर “पकडू देत ना. दंड भरीन, रीतसर पावती घेईन.” पावती घेतली की गुन्हादेखील नियमात बसतो, असा काहीतरी त्यांचा समज होता. मी याच्यावर त्यांच्याशी इतका भांडलो आहे की शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे.

पण दंड भरायची वेळ सहसा येत नसे, आणि त्याचं कारण ऐकून तर माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा करून पुढे झेंडूचा हार घालतात. तो हार सुकतो, काळा पडतो, पण आपण होऊन गळून पडेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. पोलीसही लावत नाहीत, हे साडूभाऊंना पहिल्याच दसऱ्याला कळलं. तेव्हापासून त्यांच्या गाडीचा दसरा संपलाच नाही. दर रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या फुलवाल्याकडून ताजा हार यायचा आणि नेमका प्लेटच्या जागेवर बसायचा. “गोंडे जाड घाल, मध्ये फट नको,” असं ते बजावत, आणि फुलवाल्याला वाटायचं की माणूस केवढा भाविक. मी एकदा विचारलं की हाराने नाही का बिघडत तुमच्या गाडीचा चेहरा. “हार म्हणजे दागिना,” ते म्हणाले, “पाटी म्हणजे पाटी.” मिठ चौकीच्या सिग्नलला एका महिला हवालदाराने मात्र त्यांना बरोबर ओळखलं. तिने आधी हाराला हात लावून नमस्कार केला आणि मग तोच हार वर उचलला. “काका, पूजा नक्की कशाची केलीत? इथे तर काहीच नाही.” साडूभाऊंनी दंड भरला, पावती घेतली, तिचं मनापासून कौतुक केलं आणि पुढच्या रविवारपासून हार खालूनही सुतळीने बांधायला सुरुवात केली.

आता या गुन्ह्यात मी कसा आलो ते सांगतो. गाडीत दुसरी एक सीट होती, आणि ती खरं तर ताईंची होती. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. लग्न झाल्यावर ही दोघं रविवारी स्कूटरवरून मार्वेला जायची, जेट्टीवर वारा खात बसायची. निवृत्त झालो की तुला टप उघडणाऱ्या गाडीतून इथे आणीन, असं साडूभाऊंनी तेव्हा कबूल केलं होतं आणि ते विसरले नव्हते. गाडी घेतली ती त्यासाठीच. पण प्लेट उतरलेली पाहिली आणि ताईंनी सांगून टाकलं की ती जागेवर बसेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही. मी त्यांची समजूत घालायला गेलो, तर त्या पोळ्या लाटता लाटता शांतपणे म्हणाल्या, “अहो, मी दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो होते. कोणाचा पाय गेला, कोणाचा मुलगा गेला, त्यांच्या साक्षी मी टाइप केल्या. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, गाडीचा नंबर पाहता आला नाही. ते टाइप करून माझी बोटं दुखली. आता तसल्याच गाडीत बसून मी हवा खायला जाऊ?” साडूभाऊ बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी पान उलटलं नाही, पण प्लेटही लावली नाही.

मग दोन वर्षं त्या सीटवर मी बसलो. रविवारी उजाडलं की फोन यायचा, “खाली ये.” नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बायको म्हणायची, जा ना, एकटे आहेत ते. त्या गाडीत बसणं म्हणजे रस्त्यावर मांडी घालून बसण्यासारखं. बाजूच्या रिक्षाचं चाक माझ्या कानाशी फिरायचं. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासू नये म्हणून मला उतरवलं जायचं, गाडी तिरकी होऊन मुंगीच्या पावलांनी पलीकडे जायची आणि मी मागून चालत जाऊन पुन्हा आत शिरायचो. एका रिक्षावाल्याने तर कळवळून विचारलं, “अंकल, धक्का मारूं क्या?” मार्वेला पोचलो की जेट्टीवर चहा. मनोरीची बोट माणसं आणि मोटारसायकली घेऊन पलीकडे निघायची, साडूभाऊ तिच्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, “तिला हा वारा फार आवडायचा.” ताई जणू या जगात नाहीत असा त्यांचा सूर. “अहो, मग प्लेट लावा ना,” मी ओरडायचो. “तू चहा पी,” ते म्हणायचे. एका पत्र्याच्या तुकड्यासाठी जिवंत बायकोला घरी ठेवून इथे उसासे टाकणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मला कधी सुचलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही परत येत होतो. मालाडच्या बाजाराजवळ दोन उभ्या रिक्षांच्या मधून एक बाई अचानक पुढे आल्या. आमचा वेग पायी चालणाऱ्याइतकाच होता, तरी गाडीचं नाक त्यांच्या पिशवीला लागलंच, आणि त्या घाबरून रस्त्यात बसल्या. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. कोथिंबीर, टोमॅटो सगळं रस्त्यावर. मी त्या सीटमधून बाहेर निघेपर्यंत साडूभाऊ त्यांच्याजवळ उकिडवे बसून “लागलं का हो? उठू नका घाईने,” असं म्हणत होते. तेवढ्यात गर्दी जमली. एकाने फोटो काढायला मोबाइल पुढे केला, हार बाजूला ओढला आणि सगळ्यांना दाखवला. “बघा, नंबरच नाहीये. उडवून पळायची तयारी करूनच निघालेत.” दुसरा म्हणाला, “वर देवाचा हार घालून फिरतात, लाज नाही.”

दोन वर्षं मी साडूभाऊंना थोड्याफार फरकाने हेच बोलत आलो होतो. पण त्या लोकांच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “पळायचं असतं तर खाली उतरले असते का रे?” मी ओरडलो. कोणी लक्ष दिलं नाही. साडूभाऊंनी चाकाखालचा शेवटचा टोमॅटो उचलून पिशवीत ठेवला, उभे राहिले आणि मोठ्याने, एकेक अक्षर, एकेक आकडा सुटा करून त्यांनी आपल्या गाडीचा नंबर सांगितला. कोणीही लिहून घेत नव्हतं. त्यांनी तो पुन्हा सांगितला. मग आमच्या त्या जमिनीलगतच्या सीटमध्ये उतरवणं नको म्हणून साडूभाऊंनी त्या बाईंना रिक्षाने डॉक्टरकडे नेलं, घरी सोडलं, आणि मी तोवर त्या गर्दीत गाडीची राखण करत लोकांशी भांडत राहिलो.

ते आल्यावर आम्ही परत निघालो. कांदिवली आल्यावर साडूभाऊ म्हणाले, “मी पळून जाणारा माणूस दिसतो का रे?” मी म्हटलं, “छे.” “त्या बाईला दिसलो असणार. ती खाली बसली तेव्हा तिच्या तोंडासमोर नुसता हार होता.”

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची प्लेट खाली आली. गॅरेजवाला ती ठोकत असताना, नातवंडाचे कान टोचताना आजोबा तोंड फिरवतात तसे ते तोंड फिरवून उभे होते. “झालं?” “झालं.” वळून पाहिलं आणि म्हणाले, “वाईट दिसते.” मी म्हटलं, “अजिबात नाही.” खरं सांगायचं तर वाईट दिसत होती. रेषेबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी सवयीने तयार होऊन त्यांच्या बिल्डिंगच्या गेटापर्यंत चालत गेलो. ताई डोक्याला स्कार्फ बांधून खाली आल्या होत्या. त्यांनी गाडीसमोर उभं राहून नंबर एकदा नीट वाचला, मग दार धरून कशाबशा आत उतरल्या. “अहो, ही सीट आहे की घमेलं?” साडूभाऊ हसले. मी तिथे उभा आहे हे ताईंनी पाहिलं आणि हात केला, साडूभाऊंना मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं. गाडी गेटातून बाहेर पडली आणि मार्वेच्या दिशेने वळली.

मला जे हवं होतं तेच झालं. रविवारची सकाळ आता माझी आहे. मी चहा घेऊन गॅलरीत बसतो, पेपर वाचतो, कोणावर ओरडायचं नसतं. बायको विचारते, असे गप्प का हो? दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाची आठवण येते, हे तिला कसं सांगायचं, म्हणून काही नाही म्हणतो.