इंग्रजी वारांच्या गोळ्या

माझ्या सासरच्या गावी, कुहीपासून दोन कोसांवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक मोठा लाल त्रिकोण रंगवलेला होता. बाजूच्या खोलीला कुलूप होतं. त्या पावसाळ्यात गावात कॉलरा शिरला, आणि कुटुंब नियोजनाच्या त्या खोलीत ब्लीचिंग पावडरची पोती रचली गेली. त्रिकोण बाहेर तसाच राहिला.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. नागपूरच्या धरमपेठेत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि बोलायची वेळ आली की पदराचं टोक चाळवणारी. माझी मुलगी वर्षाची होत आली होती. तिच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, निदान तीन वर्षं दुसरं मूल नको, पुढच्या खेपेला मी वाचेन याची हमी नाही. तेव्हापासून मी रोज एक गोळी घेत असे. सीताबर्डीच्या औषधाच्या दुकानातून ते पाकीट नवरा आणायचा. दुकानात जाऊन ते मागणं मला कधी जमलं नव्हतं.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत सगळं घर शेतावर असतं, म्हणून स्वयंपाकाला हात हवा होता. नवऱ्यानं मला पंधरा दिवसांसाठी गावी सोडलं आणि तो नागपूरला नोकरीवर परतला. मग कॉलरा आला. विहिरीत लाल दवाई पडली, खालच्या आळीतली दोन माणसं गेली, आणि कॉलऱ्याची सुई घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय कंडक्टर कुणालाही एस.टी.त चढू देईना. पंधरा दिवसांचा महिना झाला. दुसरं पाकीटही अर्ध्यावर आलं. नवऱ्याला कळवायचं कसं? माझं पत्र भासरे, म्हणजे थोरले दीर, टाकायला नेत आणि टाकण्याआधी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवत. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पत्र म्हणजे घराचंच.

एका सकाळी न्हाणीच्या आडोशाला मी गोळी तोंडात टाकली आणि मागे सासूबाई उभ्या.

"काय खाऊन राहिली वं?"

"कॉलऱ्याची गोळी," मी म्हणाले. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. ते इतक्या सहज आलं की माझी मलाच भीती वाटली.

सासूबाईंनी हात पुढे केला. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. चंदेरी कागद, प्रत्येक गोळीखाली इंग्रजीत छापलेला वार. त्या घरात ते वाचता येणारी मी एकटीच.

"अन् एकटीच खाते? घरचे मेले तरी चालन तुले?"

त्यांनी मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, हाक मारली, भासऱ्यांना मारली, जाऊबाईंना चुलीपुढून उठवलं. पोरांनाही देऊ लागल्या तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. "लहान मुलांना चालत नाही, आई." तेवढं तरी बोलले. बाकी चौघांनी माझ्या डोळ्यांदेखत तांब्यातल्या पाण्यासोबत एकेक गोळी गिळली. मामाजींनी तर डोळे मिटून, हात जोडून घेतली. इंग्रजी दवाई म्हणून मान होता तिला.

पाकीट माझ्या हातात परत आलं तेव्हा त्यात सात उरल्या होत्या. कुणाला काही झालं नाही. मी दिवसभर त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते आणि स्वतःला सांगत होते, एकेका गोळीनं काय बिघडतं.

बिघडलं दुसऱ्या दिवशी. दवंडी आली की शाळेत सुया टोचणार आहेत, सगळ्यांनी यावं. सासूबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, "आपल्याले कायले सुई? दंड सुजते, दोन दिवस ताप येते. रोवणी कोण करन? गोळ्या घेतल्या नं आपण, इंग्रजी."

"खरं हाये," भासरे म्हणाले. मामाजींनी मान हलवली. ठरलं.

मी दाराआड मुलीला कडेवर आणि पाकीट मुठीत घेऊन उभी होते. त्या घरात सुना मामाजींशी आणि भासऱ्यांशी समोर येऊन बोलत नसत. काही सांगायचं तर दाराआडून जाऊबाईंना सांगायचं, त्या सासूबाईंना सांगत, मग ते ओसरीवर पोहोचे. चार वर्षांच्या संसारात मामाजींनी माझा आवाज क्वचितच ऐकला असेल. मी जाऊबाईंकडे पाहिलं. हे त्यांच्या तोंडून पाठवण्यासारखं नव्हतं. खालच्या आळीतलं रडणं दोन दिवसांपूर्वीच ऐकलं होतं.

मी उंबरठा ओलांडला.

"मामाजी, त्या गोळ्या कॉलऱ्याच्या नाहीत. मी खोटं बोलले. मूल राहू नये म्हणून मी त्या घेते. त्यानं कॉलरा थांबत नाही. तुम्ही सगळे सुई घ्या."

मग भासरे उठले, विहिरीकडे गेले आणि खाकरून खाकरून चूळ भरू लागले, जणू कालची गोळी अजून जिभेवरच होती. जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

"माय वं!" सासूबाई किंचाळल्या. "मले साठी लागली अन् मले चारली हे? अन् यायले? माणसाले?"

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉलरा नाई थांबत त्यानं?"

"नाही."

"मंग चला सुईले." त्यांनी खुंटीवरची छत्री काढली.

पण सासूबाईंचं बोलून व्हायचं होतं. "एकच पोर, तेही पोरगी, अन् दार लावून बसली? कोणाले विचारलं तू? मले सांगितलं होतं? दे ते इकडे, चुलीत घालतो." त्यांनी माझ्या हातातलं पाकीट ओढलं. मी सोडलं नाही. सासूच्या हातातून वस्तू ओढून घेणारी सून त्या गावानं पाहिली नसेल. मी ओढून घेतलं.

"मागच्या वेळी मी मरता मरता राहिले, आई. मला जगायचं आहे. हिला आई हवी आहे."

"आम्ही नाई काय जगलो? सात काढले म्या!"

"सातांतले चार आहेत," मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. आजही वाटतं, नको होतं. त्यांचा चेहरा पडला आणि त्या सुईच्या रांगेसाठी पायात चपला घालू लागल्या. पण पाकीट माझ्याच हातात राहिलं, आणि त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही.

शाळेत रांग होती. माझा दंड धरून सिस्टरनं सुई टोचली, तेव्हा मी हळूच गोळ्यांचं विचारलं.

"खोलीची किल्ली माझ्याकडेच हाये," ती म्हणाली, "पण आत पोती हायेत. अन् गोळ्या तिथं कधीच नव्हत्या. आता वरून हुकूम हाये, आधी कॉलरा, बाकी मंग."

"आणि तोवर बायकांनी काय करायचं?"

"थांबायचं."

"पोट थांबत नाही, सिस्टर."

तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग दाखल्यावर सही केली, शिक्का जरा जास्तच जोरात मारला आणि तो माझ्या हातात दिला. "हा घेऊन एस.टी.त चढता येते. नागपुरात मिळन तुले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी ओसरीवर उभी राहून, सगळ्यांसमोर घेतली. मग दाखला पर्समध्ये ठेवला. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या.

"कोणाले विचारून चालली?"

"कुणाला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत येते."

सूप थांबलं नाही. मला अडवलंही नाही. मुलगी जाऊबाईंकडे सोपवली. त्यांना चार मुलं होती, आणि थोरली अजून सातची नव्हती. वेशीपर्यंत त्या माझ्यासोबत आल्या, पाण्याची घागर उगीचच कमरेवर घेऊन.

"परवा खाल्ली ती एक," त्या म्हणाल्या, "तिच्यानं मले महिनाभर पुरन का?"

"एकीनं काहीच होत नाही, बाई. रोज घ्यावी लागते."

"मंग माझ्यासाठी बी आण." थोडं थांबून म्हणाल्या, "पण त्याच्यावर इंग्रजी लिहिलेलं रायते. मले कसं समजन आज कोणती?"

नागपुरात उतरून मी आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाऊबाईंविषयी त्यांनी बरंच विचारलं, मग दोन चिठ्ठ्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांना घेऊन ये म्हणाल्या. मग सीताबर्डीत, त्याच दुकानात. नवऱ्याच्या ऑफिसात मी गेले नाही. हे काम आता त्याच्या हातून करवायचं नव्हतं.

काउंटरवर तीन पुरुष उभे होते. रस्ताभर मी वाक्य इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. इंग्रजीत मला लाज कमी वाटते, शब्द दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात. पण दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "बोला ताई," आणि माझ्या तोंडून मराठीच निघालं, ओसरीवर निघालं होतं तितक्याच मोठ्यानं.

"मूल राहू नये म्हणून घेतात त्या गोळ्या द्या. चार पाकिटं."

एकानं वळून पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तो वळेपर्यंत.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. सुईचा दंड ठणकत होता. पर्समधून पेन काढलं आणि दोन पाकिटांवर, इंग्रजी वारांच्या खाली, बारीक अक्षरांत लिहू लागले. सोम, मंगळ. रस्त्यात खड्डे होते, बुध वाकडा आला. जाऊबाईंना तो वाचता येईल एवढा मी पुन्हा गिरवला.