काळ्या मुसळीचे वकील

फूल ओळखायचे तर माणसाने आधी जमिनीवर पालथे व्हावे, असे मानणारे आणि तसे वागणारे पुण्यात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे व्याही आहेत. ते टेकडीवर चक्कर येऊन पडले, ही आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींत प्रचलित असलेली कथा साफ खोटी आहे. मी तिथे होतो, सांगणारे नव्हते.

मुलांच्या लग्नात मी दिलेला पुष्पगुच्छ, "यातलं एकही फूल माझ्या ओळखीचं नाही," असे म्हणून त्यांनी मलाच परत केला होता. असा माणूस चक्कर येऊन पडत नाही.

घडले ते असे. पावसाळा नुकता लागला होता. वृक्षारोपणाला आलेल्या तरुण मंडळींनी झाडीतल्या सावलीत फक्कीने वर्तुळे आखली होती आणि कुदळी उचलल्या होत्या. व्याही चालत गेले आणि एका वर्तुळात शांतपणे पालथे झाले.

त्या तरुण मंडळींची म्होरकी मुलगी धावत आली. "आजोबा, लागलं का? उठा ना, इथं खड्डा घ्यायचाय."

"इथं काळी मुसळी आहे."

"इथं तर नुसतं गवत आहे!"

"गवताच्या पानाला नारळाच्या कोंबासारख्या घड्या असतात का? उभ्यानं काय दिसणार? या खाली."

ती वाकली, गुडघ्यांवर आली, शेवटी आडवी झाली. तिच्या मागोमाग, नाइलाजाने, मीही. आणि सत्तरी उलटल्यावर प्रथमच मी ते पाहिले: पानांच्या बुडाशी, मातीला टेकलेली, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी, पाकळ्यांच्या पाठीवर बारीक लव. "फळ मातीच्या आतच धरतं," व्याही पुटपुटले. मी आयुष्यभर त्या मातीवरून चालत आलो होतो.

"शी, आम्ही हे खणणार होतो," मुलगी हळूच म्हणाली. म्हाताऱ्याची दया येऊन खड्डे हलवले असे म्हणणाऱ्यांनी तिचा चेहरा पाहायला हवा होता.

आता व्याह्यांना टेकडी चढवत नाही. यंदा मी एकटाच गेलो आणि तिथून त्यांना धायरीच्या घरी फोन लावला.

"आलीय का?"

"आलीय. अर्धी मिटलेली आहे."

"ऊन पोचलंय?"

"अजून नाही."

"मग घाई करू नका, व्याहीबुवा. उन्हानं उघडेल."

मी फोन कानाशी धरून थांबलो. पलीकडे, आपल्या गॅलरीत, तेही थांबले.