मोजणीच्या दिवसाचे अठरा विद्यार्थी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी तर असा माणूस की पार्किंगचा दंड झाला तरी त्याचं तीन अंकी नाटक करून सांगतो!

मिशिगनमधल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळी अभिनयाचा वर्ग घ्यायचो. विद्यार्थी जेमतेम चार. वर्ग बंद झाला असता तर स्टेज गेलं असतं — आणि त्याच स्टेजवर मराठी मंडळाच्या तालमी फुकट चालायच्या. मग मी मंडळातल्या अठरा जणांची नावं वर्गात घातली. फी नाममात्र होती. राज्य सरकार ठरलेल्या दिवशी डोकी मोजतं, त्यावर कॉलेजला अनुदान देतं. त्या दिवशी सगळे हजर! जोशीकाका तर दप्तर घेऊन आले. "सर, मागचा बाक द्या, मी जुना ढ आहे." काय हसलो आम्ही!

पुढे वर्गाला त्यांच्यातलं कुणीच आलं नाही. हजेरी मात्र मी लावत राहिलो — सुवाच्य अक्षरात.

दोन वर्षांनी तपासणी आली. ऑफिसातली लिंडा माझे कागद विश्वासानं पुढे पाठवायची. आमच्या नाटकांना पहिल्या रांगेत बसायची, एक शब्द न कळता टाळ्या वाजवायची. तिनं मला विचारलं, ही माणसं खरंच येत होती ना? आणि मी काय केलं? तपासणीच्या साहेबांसमोर म्हणालो — माझी यादी बरोबर होती, ऑफिसात घोळ झाला असेल. आवाजसुद्धा कापला नाही. अभिनयच शिकवत होतो ना!

लिंडाला काढलं. अनुदान थांबलं. कॉलेज आधीच लंगडत होतं, वर्षभरात त्याला कुलूप लागलं. अशा वेळी सरकारचा पैसा कुठे जातो? मला वाटायचं, विद्यार्थ्यांच्या मागोमाग जात असेल. तो पन्नास मैलांवरच्या मोठ्या कॉलेजकडे वळला. तिथं बस जात नाही — आणि मंडळातल्या आमच्या शोभाकाकूंना गाडी चालवता येत नाही. नवरा गेल्यावर त्या आमच्याच कॉलेजात नर्सच्या मदतनिसाचा कोर्स करत होत्या. एकच सत्र उरलं होतं. आता त्या दुसऱ्या राज्यात, मुलाच्या घरी बेसमेंटमध्ये राहतात. फोनवर हळू बोलतात, वर ऐकू जाऊ नये म्हणून.

मंडळात मी कॉलेज बुडाल्याचा किस्सा सांगतो. त्यात सगळा घोळ लिंडा घालते. तिचं चालणं, चष्मा शोधणं — हुबेहूब करतो. लोक पोट धरून हसतात. गेल्या शनिवारीही सांगितला.