चालेल-काकू आणि दुसऱ्या भागातला बेडूक

पडदा वर जातो तेव्हा खेळण्यांच्या दुकानात सकाळची झाडलोट नुकतीच आटोपलेली असते. काउंटरमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, काकू उभ्या आहेत. बावीस वर्षं त्या याच जागी! एकही वस्तू कधी परत आली नाही. काकूंनी ‘चालेल’ म्हटलं की गिऱ्हाईक बिनघोर पिशवी उचलायचं. म्हणून गल्लीत त्यांचं नावच पडलं, चालेल-काकू.

आणि आज गल्लीतले टेलरमास्तर परत आले. हातात बेडूक.

हा प्लास्टिकचा बेडूक म्हणजे व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागातला हिरो. टीव्हीला जोडलेल्या चौथऱ्यावर उभा केला की पडद्यावर उड्या मारतो. बरीच वर्षं तो बाजारात मिळत नव्हता. कंपनीने आता पुन्हा काढला. मास्तरांच्या घरी मात्र गेमचा नवाकोरा दुसरा भाग.

“काकू, हा ढिम्म हलत नाही! मी विचारलं होतं, दुसऱ्या भागात चालेल का? तुम्ही म्हणालात, चालेल! घरी बायको म्हणते, तुमच्या काकूंचं नाव बदला आता.”

काकूंना तो दिवस आठवला. मास्तरांनी विचारलं त्याच क्षणी मागून मालकांनी विचारलं होतं, “काकू, चहा?” ते ‘चालेल’ चहाला होतं! दुसऱ्या भागाबद्दल त्यांना ओ की ठो माहीत नव्हतं. बावीस वर्षांची अब्रू, आणि ती एका बेडकाच्या हाती!

“आणा इकडे.” त्यांनी दुकानातल्या टीव्हीवर दुसरा भाग लावला, बेडूक चौथऱ्यावर ठेवला. काही नाही. उचलून उलटा केला.

“मास्तर, हे काय?”

“गादी! पाय दुखायला नकोत बिचाऱ्याचे. आत कापूस, वर दुहेरी जर. मीच शिवली.”

“अहो, याची चिप तळाशी असते! मध्ये कापूस आणि जरीची तार. त्याला चौथरा कळणार कसा?”

काकूंनी कात्री घेतली. टाके उसवताना मास्तरांनी तोंड फिरवलं. बेडूक पुन्हा चौथऱ्यावर. एक श्वास, दोन श्वास... टुण्ण! पडद्यावर बेडूक तीन कोलांट्या मारून वाकला.

“चालला!” मास्तर इतक्या जोरात ओरडले की मालक आतून धावत आले.

“काय झालं? काकू, चहा घेणार?”

काकूंनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग बेडकाकडे.

“चालेल. मी फक्त चहाबद्दल बोलतेय हं!”