काळ्या वाईनीच्या टाकीचं दार

पाचगणीच्या वरल्या अंगाला, डोंगरात, वाईनचा कारखाना हाय. तितं पावन्यांचा सैपाक मी करते. आमची वाईन नावाला तांबडी, दिसायला काळीच. लय जबर. जीभ अशी आवळून धरती की संगं जड काहीतरी खायाला लागतंच. काय द्यायचं ते मी ठरवते, आन मी एक घोटबी कवा गिळलेला न्हाई. आमी बौद्ध, पंचशील घेतलेली मानसं. तोंडात घ्यायची, घोळवायची, थुकायची. कारखान्याचा साहेब हसतोय. हसू दे.

मासा दिला तर खिळा चाटल्यागत लागतंय. स्ट्रॉबेरी दिली तर वाईन कडू हुती. मिरची वाढली तर घसा जाळती. हिला चरबीचं मटनच पायजे, खोबरं-तीळ खरपूस भाजून, तिखटाला हात आखडून, आन बाजरीची भाकरी. मुंबईची मानसं वा वा करत्यात. टाकी कुनी साफ केली, ते कुनी इचारत न्हाई.

ते काम आमच्या मालकांचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं. नाव केरू. माण तालुक्यातलं, तरनेपनी विहिरींचा गाळ काढायला जायाचं. वाईन काढून घेतली की टाकीच्या बुडाला द्राक्षाच्या सालींचा चोथा ऱ्हातो. खालच्या दारानं आत शिरून तो फावड्यानं ओढायचा. त्यातनं एक वायू निघतो. वास न्हाई, रंग न्हाई. बुडाला दबा धरून बसतो, आन मानूस दोन श्वासांत आडवा. म्हनून मालक आदी टाकीवर चढून, वरच्या तोंडातनं तारेला बांधलेला दिवा पार बुडापतोर सोडायचं. जुन्या विहिरीत सोडत्यात, तसा. दिवा इझला की त्या दिवशी आत जायाचं न्हाई. साहेबानं हवा तपासायचं यंत्र आनलेलं, पन ते सहा म्हयनं बंद.

मालकांच्या जोडीला नाथाजी हुता, साताऱ्याचा, फौजेतनं रिटायर झालेला. त्याची बायको सुलाबाई माझ्याजवळ भाकऱ्या थापायची. टाकीवर चढताना पाय घसरू नये म्हनून मालक चपला काढायचं. ते चपला काढनं, दिवा सोडनं बघून नाथाजी एकदा मला म्हनला, "अंजनावैनी, केरूभाऊची टाकीवर लय श्रद्धा हाय." मला वाटलं मस्करी करतोय, मी हसले. तवाच का न्हाई खडसावलं त्याला? आवं, बौद्ध मानूस स्टीलच्या टाकीची पूजा कशाला करंल?

गेल्या हंगामात तीन दिवस दिवा इझत हुता. चौथ्या दिवशी रविवार, पावनं येनार. साहेबानं मालकांना वाईला केळीची पानं आनायला धाडलं आन नाथाजीला म्हनला, "बाराच्या आत टाकी चकाचक पायजे."

अकराला मालक आलं. पानांचा भारा माझ्यापुढं टाकला आन खिडकीतनं टाकीकडं बघितलं. टाकीच्या वरच्या तोंडाशी दिवा ठेवलेला. कुंकू, दोन फुलं. वात सरळ जळत हुती.

"दिवा वर कुनी ठेवला?" मालक म्हनलं, आन धावलंच.

खालचं दार उघडं हुतं. सुलाबाई आमच्या मागनं आली आन आत शिरायलाच निघाली. मालकांनी तिला कवळा घालून धरलं आन दाराला पाठ लावली.

"सोडा भावजी, माझा मानूस आत हाय!"

"वैनी, तुमीबी जाल. अंजना, फॅन आन, फॅन!"

ती चावली, वरबाडलं तिनं. मालकांनी एकदा मान वळवून आत बघितलं, पन तिला सोडली न्हाई, आन सोता आत गेलं न्हाईत. मला तवा बरं वाटलं. खरं सांगते, लाज सोडून सांगते, माझा मानूस भाईर हाय म्हनून बरं वाटलं. मोठा फॅन पाव तास आत वारा मारत हुता, मग नाथाजीला ओढून काढला. संपलेला हुता.

साहेबानं पावन्यांना सांगितलं, एक कामगार आजारी पडलाय. मटन गेलं, वाईन गेली, ताटं पुसून परत आली. त्या ताटांना हात लावायचं माझ्याच्यानं झालं न्हाई.

चार दिवसांनी मालक भाकरी मोडता मोडता म्हनलं, "मी मान वळवली तवा त्याची बोटं हलत हुती." सोडलं असतं तर सुलाबाई गेली असती, तिच्यामागं मालक. पन हलत हुती ती हुतीच.

म्हयन्यानं सुलाबाई कामावर आली. मालक पानी प्यायला आत आलं, तवा तिनं पिठातनं हात न काढता इचारलं, "भावजी, तुमी आत बघितलंत तवा ह्यांच्यात जीव हुता का?"

"न्हाई, वैनी. मी यायच्या आदीच गेलं हुतं."

"मग बरं केलंत, मला धरलंत," ती म्हनली आन भाकरी तव्यावर टाकली.

मालकांनी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला आन भाईर गेलं.