मळमावशींचं डोंगरी कापड

मळमावशींनी नवऱ्याला गायब केलं, ही बातमी सकाळी चहाच्या आधीच गल्लीभर झाली. ती पसरवली होती खुद्द त्यांच्या नणंदेने, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला काही कारणच नव्हतं. "भावाला हाका मारमारून घसा बसला माझा," ती जिन्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आणि वहिनी गच्चीतून म्हणते कशी, नीट शोधा की!"

खरी गोष्ट एवढीच, की भाऊ घरामागच्या कुंपणात उभा होता. अंगात हिरव्या-तपकिरी डागांचा सदरा-पँट, नाकावर माशी, आणि हलायची बंदी. नणंदेला तो किती वेळात दिसतो, ते मावशी गच्चीतून घड्याळ लावून बघत होत्या. अकराव्या मिनिटाला त्याला शिंक आली, बहिणीने किंचाळून उरलेली गल्लीही गोळा केली, आणि मावशींनी वहीत 'अकरा' लिहून चहाचं आधण ठेवलं.

मळमावशी हे नाव काही बारशातलं नव्हे. कापडगिरणीच्या छपाईखात्यात त्या रंग जुळवतात. बाकीचं खातं फुलं ठसठशीत कशी उठतील याच्या मागे. मावशींच्या टेबलावरचं कापड मात्र मळकं दिसलं तरच पास, कारण ते जातं सैन्यात. अठ्ठावीस वर्षं ही बाई स्वच्छ धुतलेल्या हातांनी चिखल, पाचोळा, शेवाळ आणि धूळ तयार करत आली आहे.

त्या कामाला लागल्या तेव्हा सगळीकडे एकच हिरवं कापड जायचं. जंगलात ठीक होतं. वाळूत मात्र तोच जवान कोसावरून भाजीच्या जुडीसारखा दिसायचा. मग वाळूचं कापड निघालं, मग बर्फाचं. बर्फाच्या वेळी खात्याचे मास्तर म्हणाले, "पांढरं ते पांढरं. त्यात जुळवायचं काय, मावशी?"

"मास्तर, बर्फात सावली निळसर पडते. तुमचं पांढरं तिथे नेलं तर नवा फ्रिज उभा केल्यासारखं दिसेल."

कापडावर फिकट निळसर-करडे डाग पडले.

ठिकठिकाणची माती त्यांच्या स्वयंपाकघरात बरण्यांतून भरलेली असते. एकदा त्यातली लाल माती नवऱ्याने तिखट समजून भाजीत ढवळली आणि वर म्हणाला, "आज चव आहे हं!"

हा नवरा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले इस्त्रीकाका. त्यांनी इस्त्री केलेली पँट भिंतीला टेकवली तर आपल्या पायांवर उभी राहते. घडी अशी, की बोट जपून फिरवावं. पायपुसण्यालाही इस्त्री करणारा हा माणूस; बायकोच्या हातचं ते डागाळ कापड दिसलं की तो मान फिरवायचा.

"दिवसभर तू मळवतेस, दिवसभर मी उजळतो," ते म्हणायचे. "ह्या घराचं व्हायचं कसं गं?"

"अहो, म्हणूनच टिकलंय," मावशी म्हणायच्या.

यंदा मात्र मावशींना थट्टा सुचत नव्हती. खडकाळ, सुक्या डोंगरांसाठी त्यांनी एक कापड काढलं होतं. जंगलाचा नमुना जुन्या मास्तरांचा, वाळूचा आणि बर्फाचा दहा जणांनी मिळून केलेला. हा एकच सगळाच्या सगळा त्यांचा. दोन चाचण्यांत तो नापास झाला होता. पहिल्या वेळी डाग बारीक पडले, त्यामुळे लांबून सगळे मिळून एकच काळा गोळा दिसला. दुसऱ्या वेळी चार धुण्यांत रंग विटला. आता तिसरी आणि शेवटची चाचणी. ती गेली तर वाळूच्याच कापडाला जरा हिरवा हात मारून डोंगरात पाठवायचं ठरलं होतं, आणि मावशी तर चार महिन्यांत निवृत्त होणार होत्या.

"म्हणजे डोंगरातल्या पोरांनी वाळवंट पांघरून हिंडायचं?" त्या मास्तरांवर खेकसल्या.

"मला काय विचारता? डोंगर मी केलाय का?" मास्तर म्हणाले.

चाचणीसाठी सहा वर्द्या शिवल्या. जुन्या दिसाव्यात म्हणून मावशींनी त्या घरी दहा वेळा धुतल्या, पिळल्या आणि तारेवर टाकल्या. चाचणीच्या दिवशी पहाटेच त्या मास्तरांबरोबर डोंगराच्या पायथ्याशी गेल्या. वर्द्या वाळल्या की गोळा करून गिरणीच्या गाडीतून आणायचं काम काकांकडे होतं. तेवढं एकच काम.

काकांनी वर्द्या वेळेवर पोचवल्या. सहा जवानांनी गाडीच्या आडोशाला कपडे बदलले आणि ते डोंगरावर जाऊन दडले. मावशी तेव्हा अर्ध्या मैलावर, तपासनीस मेजरसाहेबांच्या टेबलाशी उभ्या होत्या. नियम सोपा होता. दहा मिनिटांत साहेबांना दोनाहून जास्त जण दिसता कामा नयेत.

साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "तो एक. खडकाजवळ दुसरा. तिसरा, चौथा..." तांदळातले खडे वेचावेत तसे त्यांनी सहाही जण वेचले. अजून दोन मिनिटंही झाली नव्हती.

तपकिरी चढला का? डाग मोठे झाले का? मावशींनी पुढे होऊन चक्क साहेबांच्या हातातून दुर्बीण घेतली. मास्तरांनी डोळे मिटले.

रंग तर चोख बसला होता. दगड कुठे संपतो आणि बाही कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. पण त्या दगडधोंड्यांत, काट्याकुट्यांत बारा रेघा उभ्या होत्या. सरळ, पट्टीने आखल्यासारख्या, उन्हात खळीने चमकणाऱ्या. प्रत्येक पँटीच्या प्रत्येक पायावर एक.

सबंध डोंगरावर दुसरी सरळ रेघ नव्हती. आणि ही रेघ मावशी ओळखत होत्या. तीस वर्षं रोज सकाळी ती त्यांच्या समोरून कामाला निघायची.

"आलेच," एवढं म्हणून त्या गाडीकडे चालू लागल्या. काका सावलीत बसून वारा घेत होते. चेहऱ्यावर समाधान.

"काय मग, कशी दिसतात पोरं?"

"छान दिसतात हो. सहाच्या सहा दिसतात."

"बघ! त्या चुरगळलेल्या कपड्यांत साहेबांसमोर उभी राहणार होती पोरं. म्हटलं, तुझी शेवटची चाचणी, जरा खळ घालून..." बोलता बोलता काका थांबले. बायकोचा चेहरा त्यांनी आता कुठे नीट पाहिला. "अगं... ती लपणार होती, नाही का?"

भांडायला तोंड उघडलं असतं तर मावशींना रडू आलं असतं.

काका उठले आणि तडक साहेबांच्या टेबलाशी गेले. "साहेब, चूक कापडाची नाही. चूक इस्त्रीची आहे. म्हणजे माझी. एक संधी द्या."

साहेबांनी आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या पँटीच्या घडीकडे पाहिलं. सगळं लक्षात आलं असावं. "चार वाजेपर्यंत मी इथे आहे," ते म्हणाले.

पुढचं जे झालं ते मास्तर अजून रंगवून सांगतात. सहा जवान बनियन-चड्डीवर ओढ्याकाठी बसलेले, आणि ज्याने जन्मात रुमाल चुरगळला नाही तो माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सहा वर्द्या पाण्यात तुडवतोय. खळ निघाली तशी त्याने एकेक वर्दी पिळली, बोळा केला, त्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. "आणखी हव्यात का चुण्या?" तो विचारायचा. "बाहीवर घाला," काठावरून मावशी सांगायच्या. एक जवान हळूच म्हणाला, "काका, बास की. डोळे पुसा." काका म्हणाले, "ओढ्याचं पाणी उडालं रे."

ऊन कडक होतं. साडेतीनला जवान पुन्हा डोंगरावर चढले. साहेबांनी दुर्बीण लावली. पाच मिनिटं. सात. त्यांनी काचा पुसल्या. नऊ मिनिटं झाल्यावर एकाच्या पायाला मुंगी चावली आणि तो हलला.

"एक," साहेब म्हणाले. दहा मिनिटं संपली.

मास्तरांनी टाळी वाजवली, मग साहेबांकडे बघून हात खिशात घातले. मावशी नुसत्याच खाली बसल्या, पदराने मान पुसत. साहेबांनी कागदावर सही केली, तोवर सहाही जण खाली येऊन रांगेत उभे राहिले होते. साहेब त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले.

"पास आहे, मावशी. पण खरं सांगू? असल्या चुरगळलेल्या वर्दीत जवान शोभत नाही हो."

मावशी म्हणाल्या, "आधी घरी तर येऊ द्या त्याला, साहेब. मग शोभवू की! इस्त्रीवाला घरचाच आहे."